काकवीची पुरचुंडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. मी तोंडाची फटकळ — शिराळ्याच्या बाजारात माझ्याशी घासाघीस करायला माणूस धजत नाही. आणि तीच मी, नेमकं बोलायचं तिथं — थांबा, नीट सांगते.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. माझं लग्न व्हायचं होतं. वहिनी उसाच्या भांगलणीला जायची आणि तिची तान्ही मंगल माझ्या गळ्यात. मला तर सागरगोट्यांचा भारी नाद! मग काय? फडक्याची पुरचुंडी काकवीत बुडवायची आणि पोरीच्या तोंडात द्यायची. चुटूचुटू चोखत झोपायची बिचारी. रोज दुपारी हेच, पुढं दात आले तरी. वहिनी यायच्या आत फडकं चुलीत.

मंगलचे पुढचे दात काळे पडले, झिजून नुसते खुंट राहिले. तीन वर्षांची पोर, पण भाकरी चावता येईना. गार पाणी लागलं की किंचाळायची. गाल धरून रात्र रात्र रडायची. अंगाला मांस धरेना. गल्लीतली पोरं 'बोळकी' म्हणून चिडवायची, म्हणून हसताना तोंडावर हात. एवढ्याशा जिवाला हसायची लाज वाटावी?

आमची आई वहिनीला टोचायची, "तुजं दूधच किडकं, दुसरं काय!" वहिनी खाली मान घालायची.

शेवटी एसटीनं सांगली गाठली. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं — झोपताना गोड काही चोखायला देता का?

"न्हाई वो," वहिनी म्हणाली आणि माझ्याकडं वळली, "व्हय की न्हाई, वन्सं?"

"छ्या! कवाच न्हाई."

ठणकावून सांगितलं मी. आईच्या भीतीनं? छे, आईनं मला कधी बोट लावलं नाही. आपलं नाव खराब होऊ नये, बस्स. डॉक्टरांनी खुंट उपटले तेव्हा मंगलनं आईचं नाही, माझं बोट घट्ट धरलं होतं.

पुढं वहिनीला मुलगा झाला. त्याला तिनं अंगावर पाजलंच नाही. छाती दाटून यायची, न्हाणीत बसून कळ सोसत दूध पिळून टाकायची. मी बघत होते. तेव्हा तरी बोलावं की नाही? नाही बोलले.

मग मला लेक झाली. बाळंतपणाला मी माहेरी, सारं वहिनीनंच केलं. पहिल्याच दिवशी तिनं बाळाला माझ्या पदराखाली सारलं आणि म्हणाली, "पोटभर पाजा, वन्सं. तुमचं दूध चांगलं हाय."

मी पदर नीट केला आणि पाजत राहिले.