'आज अमावस्या' एवढंच कापलं

परवा बोरगावहून फोन आला आणि धाकट्या भावाचं जमत आलेलं लग्न मोडलं. कारण काय, तर सहा मिनिटांची एक फिल्म!

आम्ही वडगावचे विणकर. घरात चार पॉवरलूम... वडील, म्हणजे आप्पा, आणि भाऊ साड्या विणतात, मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. गेल्या महिन्यात बाहेरगावचा एक जण कॅमेरा घेऊन आला, विणकरांवर फिल्म करतोय म्हणाला. आला तो नेमका अमावस्येला. त्या दिवशी आम्ही माग चालवत नाही, पुसून हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो.

आप्पांनी त्याला चहा पाजला आणि कॅमेऱ्यासमोर सरळ सांगितलं, "आज अमावस्या, म्हणून माग बंद हायत." मग त्यानंच सांगितलं म्हणून दोन मिनिटं गप्प बसले.

फिल्ममध्ये काय आहे? आप्पांचा आवाज, "माग बंद हायत." मग थांबलेला माग. मग आप्पांचा गप्प चेहरा, अगदी जवळून. पुन्हा माग, मागे सारंगी... जिवंत माणसाचं तेरावं घातलं हो!

आप्पा तेव्हा चहा निवतोय का बघत असतील. पण चेहऱ्याच्या मागेपुढे बंद माग जोडला की लोकांना त्यात दुःखच दिसतं. एक शॉट खोटा नाही आणि सगळी फिल्म खोटी!

मुलीचे वडील फोनवर म्हणाले, "माग बंद पडल्यात, आणि तुमी आमाला सांगितलं न्हाई." आयुष्यात कुणाला न फसवलेले आप्पा खोटारडे ठरले.

फिल्मवाल्याला फोन लावला, तर म्हणतो, "सर, इमोशन हवं होतं." डोकंच फिरलं माझं. तुझं इमोशन होतं, माझ्या भावाचं लग्न होतं रे!

रागारागात मीच व्हिडिओ करायला बसलो. धडधडणारे माग, हसणारे आप्पा, वर मस्त म्युझिक. चौथा माग मोटर जळल्यानं सध्या खरंच बंद आहे, तो मी कापून टाकला.

आप्पा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "तू बी त्येच कराय लागलास व्हय रं?"

इतकी लाज वाटली... सगळं डिलीट केलं. मग आप्पांनीच बोरगावला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. फोन हातात धरून दारापासून शेवटपर्यंत चालत गेले आणि मोटर जळलेल्या मागापाशी थांबले. "ह्यो एक बंद हाय, पावणं. बाकीचं तुमीच बघा."

मग मुलीच्या वडिलांनी, रविवारी येऊन जातो, एवढंच सांगितलं.

होकार येईल की नाही, माहीत नाही. ती फिल्म अजून फिरतेय, खाली लोक रडके इमोजी टाकतायत आणि माझा राग जराही उतरलेला नाही. पण आप्पा, तुमचे उपकार... तुम्ही अडवलं नसतं, तर त्या माणसांना दुसऱ्यांदा फसवणारा मी असतो.