साहेबांच्या माशांची टाकी

सोलापूर शहरातील तमाम सुज्ञ नागरिकांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या घरी माशांची एक निरपराध टाकी राख आणि काथ्यानं घासण्यात आली.

टाकी वडिलांच्या साहेबांची. साहेब महिनाभर रजेवर निघाले तेव्हा मासे कुणी सांभाळायचे असा प्रश्न कचेरीत निघाला आणि वडिलांनी सर्वांआधी हात वर केला. माशांवर त्यांचं प्रेम होतं असं नाही. त्यांची करमाळ्याला बदली झाली होती आणि ती रद्द करणं साहेबांच्या हातात होतं. करमाळ्याच्या देवीवर वडिलांची श्रद्धा होती, पण तिच्या इतक्या जवळ राहण्याइतकी नव्हती.

टाकी अ‍ॅक्रिलिकची. "काच नव्हे, फुटत नाही," हे साहेबांचं वाक्य वडिलांनी घरी येऊन अभिमानानं ऐकवलं. जे फुटत नाही ते भांडं, आणि भांडं राखेनं घासायचं, हा आईचा सिद्धांत. टाकीनं शेवाळ धरताच तिनं मासे पाण्याच्या रांजणात सोडले आणि टाकी आतून-बाहेरून अशी घासली की ओरखड्यांपायी पलीकडचं दिसेना.

"अगं, हे काय केलंस?"

"शेवाळ काढलं. तुमच्या साहेबीणबाईंनी कधी काढलेलं दिसत नव्हतं."

मी कॉलेजात विज्ञान शिकत होतो, म्हणजे घरचा शास्त्रज्ञ. मोटारी रंगवणाऱ्याकडं पाण्याचा पॉलिश पेपर मागायला मलाच धाडलं.

"गाडी कंची हाय?"

"गाडी नाही, माशांची टाकी आहे."

"मग माशांस्नी रंग द्यायचा व्हय?" असं म्हणून त्यानं जाड, मध्यम, मऊ कागद दिले. आधी जाड, मग मऊ, आणि सगळं पाणी लावून, असं बजावलं.

वडील धोतर खोचून अंगणात बसले. जाड कागदानं ओरखडे खरोखरच गेले, आणि पारदर्शकपणाही त्यांच्याबरोबर गेला. चारी भिंती ताकासारख्या पांढऱ्या. 

"करमाळ्याला पाण्याचं कसं आहे हो?" आईनं विचारलं.

ज्यांनी जन्मात स्वतःचा पेला विसळला नव्हता, ते त्यानंतर रोज कचेरीतून आले की टाकीशी झटू लागले. मध्यम कागद, मऊ कागद, मग पितळ उजळायचं पॉलिश, शेवटी पांढरं दंतमंजन. आम्ही मिठानं दात घासले. रांजण माशांच्या ताब्यात, म्हणून पाणी प्यायला शेजारी जायचो, तर शेजारच्या काकू विचारायच्या, "काय रे, तुमच्या पाहुण्यांची अंघोळ झाली का?"

आणि एका संध्याकाळी टाकीच्या आत फिरणारा वडिलांचा हात बाहेरून लख्ख दिसला, बोटातल्या अंगठीसकट. टाकी चारचारदा धुतली, मासे स्वगृही परतले.

साहेब सपत्नीक आले. वाकले, चष्मा काढून पुन्हा वाकले. "नवीन आणलीत की काय?"

"छे छे, आपलीच, साहेब," वडील म्हणाले, तेही असे लाजत की बदली जणू रद्द झालीच. मग त्यांनी घसा साफ केला. "साहेब, ते करमाळ्याचं जरा..."

साहेबांच्या पत्नीचा महिना शेवाळावाचून फार सुखात गेला असावा. साहेब तोंड उघडण्याआधीच त्या बोलून गेल्या, "अहो, एवढं जिवापाड सांभाळलंय, तर करमाळ्याला जाताना ही टाकी त्यांनाच नेऊ द्या की."