एक दहाचा फोन

नांदेडच्या एका शाळेत मी संगणक शिकवते, त्यामुळे नात्यात कुणाचाही फोन रुसला की आधी मला निरोप येतो. याचा मला वैताग आहे असं मी सगळ्यांना सांगते, पण ते खोटं आहे. बिघडलेली वस्तू माझ्यापुढे फार वेळ टिकत नाही, याचा मला चांगलाच माज होता. तो उतरवला माझ्या वडिलांच्या फोननं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. औशाच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. गाडी पाच मिनिटं उशिरा लागली तरी ड्रायव्हरला चारचौघांत ऐकवणारा माणूस. निवृत्तीनंतर ते आणि आई लातूरच्या घरी राहायचे. आई गेली आणि अडीच महिन्यांपासून दादा त्या घरात एकटेच आहेत. त्यांना साखरेचा आजार, त्यात उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झालेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की जखमेवर रोज नजर ठेवा, काळी पडली तर अंगठा काढावा लागेल आणि तेवढ्यावर भागेलच असं नाही. नांदेडला यायला दादा तयार नव्हते. म्हणून रोज संध्याकाळी सातला त्यांनी व्हिडिओ कॉल करून मला पाय दाखवायचा असं ठरलं. त्यांच्या गल्लीत मोबाइलचं नेट धरत नाही, सगळी भिस्त घरातल्या वाय-फायवर.

आणि एके दिवशी तेच बंद पडलं. "वाय-फाय लागलंय म्हणतंय, पर इंटरनेट न्हाई म्हणतंय," दादा साधा कॉल करून सांगायचे. मी इथून शिकवायची. राउटर बंद करा, तीस आकडे मोजा, चालू करा. फोन बंद करून चालू करा. वाय-फाय काढून टाका, पासवर्ड पुन्हा घाला. प्रत्येक गोष्टीला दादा "हाव, केलं" म्हणायचे, आणि त्यातलं काही लागू पडायचं नाही. चार दिवस मला पाय दिसला नाही. पाचव्या दिवशी मी चिडून सकाळची बस धरली.

घरी पोचल्या पोचल्या माझा फोन वाय-फायला लावून बघितला. सुरळीत चालला. दादांचा मात्र काही केल्या ऐकेना. मी खटपट करत होते तेव्हा दादा खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. शेवटी फोन टाकून मी त्यांच्या पायाची पट्टी सोडली. मनाची तयारी करूनच सोडली. जखम स्वच्छ होती. पट्टी पांढरीशुभ्र, त्याच दिवशीची.

"कुणी बांधली ही?"

"मीच."

ज्या माणसानं जन्मात स्वतःचं दूध तापवून घेतलं नाही, त्यानं? "कुणी सांगितलं तुम्हाला?" असं विचारलं तर दादा चप्पल घालून पट्ट्या आणायला मेडिकलवर निघून गेले.

ते वळणापलीकडे गेल्यावर शेजारच्या भाभी कुंपणाशी आल्या. यांचं शिलाईचं दुकान, दोन पिढ्यांचा आमचा शेजार. हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, राग नको येऊ देऊ. पण रोज दुपारी तुझ्या आईचा आवाज येतो घरातून. मी म्हटलं, माझाच वहम हाय. मग आमच्या यांनीबी ऐकला."

मी ते हसण्यावारी नेलं.

आत येऊन दादांचा फोन पुन्हा हातात घेतला. दोन वाजत आले होते. काहीतरी सुचावं म्हणून आलेल्या-गेलेल्या फोनची यादी उघडली. खाली माझा सकाळी बसमधून केलेला फोन होता, आज, दहा चाळीस. त्याच्या वर आणखी एक फोन आलेला होता. 'घर', आज, एक दहा.

'घर' या नावानं दादांनी आईचा नंबर ठेवला होता.

आईचा फोन तेराव्याच्या दिवशी मी माझ्या हातानं बंद करून तिच्या साड्यांखाली ठेवला होता. मी कपाट उघडलं. तो तिथंच होता, बंद, थंडगार. घरात पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. सांगायला लाज वाटते, पण मी दोन्ही फोन पलंगावर ठेवले आणि लांब, दाराशी जाऊन उभी राहिले. भरदुपारी मी घाबरले होते.

थोड्या वेळानं डोकं ठिकाणावर आलं. परत जाऊन मी फोनची तारीख बघितली. ती अडीच महिन्यांपूर्वीची होती, म्हणून तेव्हाचा फोन यादीत 'आज' म्हणून दिसत होता. वेळ मिनिटाला मिनिट बरोबर, आणि तारीख तेवढी मागची. तारीख चुकली की फोनवर इंटरनेट चालत नाही, हे मी मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. पण दादांच्या फोनमधली तारीख चुकेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. ती कशी बदलायची हे गेल्या वर्षी मीच त्यांना दाखवलं होतं.

त्यांच्या फोनमध्ये प्रत्येक बोलणं आपोआप साठवलं जातं. 'घर'पुढची खूण मी दाबली.

"काहो, जेवलाव का? पाय धुतला का? पट्टी कोरडी ठिवा, मी येऊन बघणार हाय. उद्या साडेनवाच्या गाडीनं निघते. स्टँडवर येऊ नका उन्हात."

तिच्या आवाजामागं माझ्या कुकरची शिट्टी ऐकू आली. आई तेव्हा माझ्याकडं नांदेडला आली होती. हा फोन तिनं माझ्या स्वयंपाकघरातून केला आणि त्याच संध्याकाळी ती सोफ्यावर बसली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी ती लातूरला आली, पण रुग्णवाहिकेतून.

मागं वळले तर दादा पट्ट्यांची पुडी घेऊन दारात उभे.

"रोज सकाळी तारीख मागं घेतो," ते म्हणाले. "मग ती उद्या येणार असती."

"दादा, आई येणार नाही आता."

"ठाऊक हाय. येडा न्हाई मी. पर पाय धुतला का म्हणून इचारती, म्हणून धुतो."

मीही रोज फोनवर तेच विचारत होते. विचारत कसली, ओरडत होते.

मी तारखेला हात लावला नाही. आईचा फोन घेऊन चार्जिंगला लावला आणि चालू केला. पडदा उजळला आणि लगेच वरच्या कोपऱ्यात वाय-फायची खूण आली. पासवर्ड कुणी मागितला नाही. त्या घरानं तिला अजून ओळखीतून काढलं नव्हतं.

"हा ठेवा," मी दादांना म्हटलं. "सातला यावरून फोन करा. तुमचा राहू द्या तसाच."

दुसऱ्या दिवशी नांदेडमध्ये संध्याकाळी सातला माझा फोन वाजला. पडद्यावर 'आई', आणि तिचा हसरा फोटो. उचलायला हात धजेना. उचलला तर दादांचा अंगठा. पुढंही रोज तसंच व्हायचं, क्षणभर काळीज हलायचं आणि मग अंगठा दिसायचा. मी ओरडणं सोडलं. "पाय धुतला का?" एवढंच विचारायची. "हाव," ते म्हणायचे. जखम सुकत चालली होती.

दहाएक दिवसांनी असाच अंगठा दाखवत असताना, चेहरा दिसत नसताना, दादांनी विचारलं, "कवा निघतीस?"

ते कुणाला विचारतायत हे मला कळलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या. साडेनऊच्या गाडीनं."

सकाळी शाळेत रजा कळवली आणि ती गाडी धरली. लातूरच्या स्टँडवर दादा उन्हात उभे होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. मी उतरून त्यांच्यापुढं उभी राहिले, पण ते माझ्या खांद्यावरून गाडीच्या दाराकडे बघत होते. शेवटची बाई पोतं घेऊन उतरली. मग कंडक्टर उतरला आणि त्यानं दार लावून घेतलं. दादांनी तेही पूर्ण बघितलं.

"गाडी टायमात आली," ते म्हणाले. मग खिशातून स्वतःचा फोन काढून त्यांनी माझ्यापुढं धरला.

"घे. तारीख बरोबर करून दे."