सहावी चौकट

"मागे वळून बघू नकोस, पायरी चुकेल," आई म्हणाली, आणि मी बघितलं नाही.

कराडच्या आमच्या घराला रस्त्यावर उतरणाऱ्या तीन पायऱ्या. त्यातली मधली इतर दोन्हींपेक्षा चांगली दोन इंच उंच. वडिलांनी गवंड्याला दोनदा सांगूनही ती तशीच राहिली आणि आलेले निम्मे पाहुणे तिथे ठेचकाळत. तेव्हा आईचं म्हणणं रास्तच होतं. माझ्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात नऊ वर्षांच्या मुग्धाचं मनगट. खाली भाड्याची मोटार उभी, आणि हे पुढच्या सीटवर बसून घड्याळ बघत होते. मी नीट पायऱ्या उतरले, गाडीत बसले, गाडी सुटली. मुग्धा मात्र मागच्या काचेला नाक लावून बसली होती. गिरणीचा कोपरा यायच्या आत ती म्हणाली, "आई, आजी दारात नाहीये."

मी म्हटलं, "असेल गं, नीट बघ."

"नाहीये. दार नुसतंच उघडं आहे."

मग गाडी वळली.

वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. मी एकुलती एक. निघायच्या आधीच्या आठवड्यात मी आईशी निरोपाचं असं काहीच बोलले नव्हते. बोलले ते फक्त शिडीबद्दल. गच्चीवर जायला आमच्याकडे लाकडी शिडी होती आणि आईचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी चढउतार बंद केली होती. पापडांचे डबे मी खाली आणून ठेवले, शेजारच्या सुशीलाला वाळवणाचं सांगून ठेवलं, आणि आईकडून वचन घेतलं की शिडीला हात लावायचा नाही. विमानतळावर ये म्हटलं तर म्हणाली, "तिथे येऊन काय करू? काचेआडून हात हलवू?" तेही रास्तच. पण मुंबईला विमानतळावर एकेका माणसामागे पंधरा-पंधरा माणसं हार घेऊन उभी होती, आणि माझ्या डोक्यात ते उघडं दार होतं. गाडी कोपऱ्यावर जाईपर्यंतही तिच्याने थांबवलं नाही? की रागावली होती? रागावली असेल तर तिला हक्क होता, हेही मला कळत होतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. तुमच्यापैकी जे मागे राहिले त्यांना वाटतं, आम्ही इकडे येऊन सुटलो. जे माझ्यासारखे आले त्यांना माहीत आहे की इथे पहिली काही वर्षं माणूस खुर्चीवर टेकतच नाही. अमेरिकेत शॉमबर्गला आमचं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर. खाली गाड्यांचे पट्टे आखलेले, पलीकडे चार पदरी रस्ता, आणि पायी जाण्यासारखं काहीही नाही. कराडला मी शाळेत गणित शिकवायची. इथे एका इन्शुरन्स ऑफिसात दुसऱ्यांनी केलेल्या बेरजा तपासायला लागले. काम जमत होतं. घरी आले की मी खिडक्या बंद आहेत का ते बघायची, मग परत बघायची. हे म्हणायचे, "अगं, बस की जरा. पाहुणी आहेस का?"

आईची पत्रं यायची. निळं आंतरदेशीय असायचं तसंच, पण परदेशाचं. नळाला पाणी किती वाजता येतं, आंबा यंदा कसा आहे, सुशीलाच्या सुनेला काय झालं. त्या सकाळबद्दल एक ओळ नाही. मीही विचारलं नाही. आमच्यात असं विचारत नाहीत.

मुग्धा चौदाची झाली तेव्हा तिला कॉमिक्सचं वेड लागलं. शनिवारी तिला दुकानात सोडायचं आणि तासाने आणायचं. कपडे धुण्याच्या दुकानाला लागूनच ते दुकान, खोक्यांमधून प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेले अंक उभे लावलेले. मी आत गेले की काउंटरवरचा माणूस दर वेळी विचारायचा, "मुलासाठी काय हवंय?" तिसऱ्यांदा मी सांगितलं, "मला मुलगा नाही. मुलगी आहे, आणि ती तुमच्या मागे जमिनीवर बसून वाचतेय." तो लाल झाला.

थांबायचंच तर बघावं म्हणून मी एक अंक उचलला. मुखपृष्ठावर एक बाई छपरावरून झेप घेत होती. काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. म्हणून अंक विकत घेतला आणि घरी जेवणाच्या टेबलावर फुटपट्टी काढली.

"आई, प्लीज," मुग्धा म्हणाली, "डोन्ट मेझर हर."

मी मापलं. बाईची कंबर आणि मान सारख्याच जाडीची निघाली. घोटे तर मनगटापेक्षा बारीक. पुढच्या शनिवारी काउंटरवर शेली नावाची मुलगी होती. ती तिथे सुट्टीच्या दिवशी काम करायची. तिला मी अंक दाखवला आणि म्हटलं, "ही उडते तोवर ठीक आहे. खाली उतरली की घोट्यात मोडेल."

शेली इतकी हसली की तिला स्टूलवर बसावं लागलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "डोना! बाहेर ये, तुला या बाईंचं ऐकायलाच हवं!"

डोना नर्स होती. उंच, जाडजूड, मोठ्या आवाजाची. हॉस्पिटलातल्या गोष्टी ती चौकटींमध्ये चित्रं काढून सांगायची. दुकानातल्या नेहमीच्या पुरुषमंडळींच्या गप्पांत डोना-शेलीसारख्या बायकांना कोणी धरत नसे, म्हणून रविवारी दुपारी दुकान बंद असताना पाच-सहा जणी मागच्या खोलीत जमायच्या, आपापली चित्रं दाखवायच्या, आणि अधूनमधून सगळ्यांची पानं झेरॉक्स करून, मधे पिना मारून एक पुस्तिका काढायच्या. डोनाने मला विचारलं, "तू चित्रं काढतेस?"

"मी सरळ रेघा काढते," मी म्हटलं.

हे खरंच होतं, आणि त्यांना नेमकं तेच हवं होतं. एकीलाही काटकोन जमत नसे. मी गेले आणि सगळ्यांच्या पानांवर चौकटी आखायला लागले. कित्येक महिने मी तेवढंच केलं. का गेले, असं मला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुलकर्णी काकूंनी विचारलं. खरं तर सगळ्यांसमोर, बटाटेवडे वाढता वाढता विचारलं: "नलूताई, मुलीला ओरडायचं सोडून तुम्हीच कॉमिक्स काढायला लागलात म्हणे?" हे मागून म्हणाले, "चाळिशीत सगळ्यांना चष्मा लागतो काकू, हिला कॉमिक्स लागलं." सगळे हसले. मीही हसले. खरं उत्तर तिथे दिलं नाही, ते इथे देते. त्या खोलीत मला कोणी माझे मिस्टर काय करतात ते विचारत नव्हतं. आणि तिथे मी दोन-दोन तास एका जागी बसत होते.

त्या बायकांची एक रीत होती. प्रत्येक पुस्तिकेत एक पान सगळ्यांचं मिळून. पहिली चौकट एकीने काढायची, काही न सांगता पुढचीकडे सरकवायची, तिने पुढचं काढायचं. आधीचीला विचारायचं नाही आणि कोणाचं खोडायचं नाही. एका रविवारी मी सहा चौकटी आखल्या, आणि डोनाने पान माझ्याकडेच परत ढकललं. "आज सुरुवात तुझी."

मला माणसांचे चेहरे येत नाहीत. मी तीन पायऱ्या काढल्या, मधली मुद्दाम उंच. त्यावर उतरणारे माझे पाय आणि बॅग. वरच्या कोपऱ्यात आईचं वाक्य इंग्रजीत लिहिलं, आणि पान सरकवलं.

ते फिरून माझ्यापुढे आलं तेव्हा त्यावर चार आया होत्या. डोनाने दारात रडणारी आई काढली होती, पदराऐवजी हातात भलामोठा रुमाल. दुसरीने हाताची घडी घालून पाठ फिरवलेली. तिसरीने पातळ सावरत मोटारीमागे धावणारी. आणि शेलीने काढलेली आई घर रिकामं झालं म्हणून खुर्चीत रेलून, पाय टेबलावर टाकून बसली होती. सगळ्या हसत होत्या. डोना म्हणाली, "माझी आई तर मी दूध आणायला गेले तरी रडायची." तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रत्येकीने आपापली आई काढली होती.

सहावी चौकट माझ्यासाठी ठेवली होती.

"हे सगळं चूक आहे," मी म्हटलं. मला वाटलं त्यापेक्षा मोठ्याने म्हटलं. "ती दारात नव्हतीच. माझ्या मुलीने बघितलं."

"मग कुठे होती?" शेलीने विचारलं.

"माहीत नाही."

"इतक्या वर्षांत विचारलं नाहीस?"

मी पेन्सिल खाली ठेवली. उठून खोक्यांमधून एक फेरी मारली, परत आले. शेवटी डोना म्हणाली, "आमचा नियम असा आहे की पान पुढचीकडे सरकवायचं. तर सरकव."

मी त्या पानाची झेरॉक्स आईला पाठवली. सोबत लिहिलं: या माझ्या मैत्रिणी, हा यांचा खेळ, शेवटची चौकट तू भर. जमेल तसं काढ. बास, एवढंच. टपालपेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, परत काढता आलं तर बरं.

पुढचे दोन महिने मी घरातल्यांना नको नको केलं. ऑफिसातून आले की आधी खाली टपालाचा खण, मग जिना. हे म्हणायचे, "फोन कर ना सुशीलाकडे, आईंना बोलावून घेतील." पण फोनवर, सुशीलाच्या अख्ख्या घरासमोर, आई काय सांगणार? पुस्तिका छापायची वेळ आली तेव्हा उत्तर आलेलं नव्हतं. डोनाने पान तसंच छापलं, सहावी चौकट कोरी. पुस्तिकेच्या मागे आमची सगळ्यांची नावं होती, त्यात माझंही, सगळ्यात शेवटी. गावातल्या एका हॉटेलात कॉमिक्सवाल्यांचा मेळावा भरला, तिथे आम्ही टेबल मांडलं. एका पांढऱ्या केसांच्या बाईने उभ्या उभ्या ते पान वाचलं, माझ्याकडे पेन मागितलं आणि कोऱ्या चौकटीत काहीतरी काढलं. मला दाखवलं नाही. पुस्तिका मिटून पर्समध्ये टाकली आणि गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात आईचं पाकीट आलं. मी ते खाली जिन्यातच उघडलं.

पत्र नेहमीसारखंच सुरू होत होतं, पाणी आणि आंबा. मग लिहिलं होतं: "तुझ्या मैत्रिणींची चित्रं पाहिली. ती पाय वर करून बसलेली मी मला आवडले, सुशीलालाही दाखवली. रडणारी काढली आहे तिला सांग, डोळे कोरडे होते. आणि पातळ असं नेसत नाहीत, इतकं वर धरलं तर सुटेल."

खाली: "दारातून गाडी फक्त गिरणीपर्यंत दिसते. गच्चीवरून पाण्याच्या टाकीपर्यंत दिसते. म्हणून शिडी चढले. तुला कळलं असतं तर ओरडली असतीस, आणि तू वळून बघितलं असतंस तर दार रिकामं दिसलं असतं. म्हणून पायरीचं सांगितलं. उतरताना सुशीलाने धरलं. चित्र चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून लहान काढलं आहे."

चित्र पेन्सिलीचं होतं. ब्लाउजच्या बाहीवर भरतकामाचा नमुना काढायची तशी हलकी रेघ. खाली कठड्याची एक पट्टी, त्यापलीकडे कौलं, कौलांमधून रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला टाकीजवळ आगपेटीएवढीही नाही अशी मोटार. माणूस एकही नाही.

रविवारी मी ते खोलीत नेलं. डोनाने बराच वेळ पाहिलं. "सुंदर आहे," ती म्हणाली, "पण आई कुठेय? स्वतःला काढायला विसरली?"

"नाही," मी म्हटलं. "तू आत्ता जिथून बघतेयस ना, तिथे ती उभी आहे."

डोनाने पान शेलीकडे दिलं, चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाली, "पुढच्या वेळी रेघा दुसरं कोणीतरी आखेल. तू चित्रं काढ." त्यानंतर मी काढते आहे. चेहरे अजून येत नाहीत.

पूर्वी घर म्हटलं की मला तीन पायऱ्या आणि उघडं दार दिसायचं, आणि मी त्याच्याकडे पाठ करून निघालेली. आता घर म्हटलं की गच्ची दिसते, आणि तिथून मी दिसते, गाडीत, लहान होत जाणारी. स्वस्थ वाटतं असं म्हणणार नाही. पण खिडक्या मी आता एकदाच बघते. आईला इकडे बोलावून झालं. ती म्हणते, तुमच्याकडे गच्ची नाही, मी बसू कुठे? मे महिन्यात मी जाणार आहे. शिडी बदलून लोखंडी करायची, बाजूला धरायला कठडा घालून, एवढं ठरवलं आहे.

त्याआधी एक काम आहे. मुग्धा कॉलेजसाठी ॲन आर्बरला निघणार आहे, मैत्रिणीच्या गाडीतून, सामानाची खोकी आणि कॉमिक्सचं एक वेगळं खोकं घेऊन. परवा मला म्हणाली, "आई, नो सीन, ओके? जस्ट बाय." मी हो म्हटलं.

आमच्या दारातून फक्त जिना दिसतो. बाल्कनीतून पार्किंगचं तोंड. पण याच मजल्याच्या टोकाला कपडे धुण्याची खोली आहे, तिच्या खिडकीतून रस्ता दुसऱ्या सिग्नलपर्यंत दिसतो. काल मी जाऊन बघून आले. मुग्धाला सांगेन, जिन्यात मागे वळून बघू नकोस, खोकी सांभाळ.