झीमनांच्या टेबलावरची सही

ग्वेन पासको दारात दिसली की ऑस्ट्रेलियातल्या डाल्बी गावाच्या आसपासच्या घरशाळावाल्या, म्हणजे मुलांना घरीच शिकवणाऱ्या आया आधी चहाचं आधण ठेवत आणि मग कपाळाला हात लावत. तेहतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली ही बाई चर्चमधल्या मुलांच्या अकरावी-बारावीची आखणी फुकट करून द्यायची. घरी शिकणाऱ्या मुलाला बारावीचा सरकारी दाखला मिळत नाही. म्हणून आधी कुठला छोटा कोर्स, मग कुठला डिप्लोमा, त्यातून विद्यापीठाचं कुठलं दार उघडेल, हे ती मोठ्या कागदावर पेन्सिलीने मांडायची. मांडता मांडता आईबापांची अक्कलही काढायची. "सतरा वर्षांच्या मुलीला अपूर्णांक येत नाहीत? मग इतकी वर्षं नुसती स्तोत्रंच म्हणत होता काय?" असं ती एकीला प्रार्थनेनंतर, सगळ्यांसमोर म्हणाली होती. तिच्यावाचून अडायचं, म्हणून लोक तिला सहन करत. प्रेम कोणी करत नव्हतं, आणि आपल्याला त्याची गरजही नाही असं ती ठणकावून सांगे.

त्या शनिवारी सकाळी ती लॉइड झीमनच्या शेतावर गेली ती भांडायच्या तयारीनेच. लॉइडच्या चार मुलांतल्या थोरलीला, केझियाला, नर्स व्हायचं होतं. तुवूम्बाच्या कॉलेजचे अर्ज सोमवारी बंद होत होते. केझियाचा अर्ज भरून तयार होता. पालकाची सही तेवढी राहिली होती. सोमवार हुकला तर वर्ष गेलं, आणि वर्षभरात लॉइड पोरीला चर्चमधल्या कुणाच्या तरी गळ्यात बांधणार, याबद्दल ग्वेनला तिळभर शंका नव्हती.

"सही करणार नाही," ती खुर्चीत बसायच्या आतच लॉइड म्हणाला. "उगाच पेट्रोल जाळलंस."

"पेट्रोल माझं आहे. चहा तरी पाजशील की त्यालाही बायबलात मनाई सापडली तुला?"

लॉइडची बायको नोरीन चहा आणि भोपळ्याचे स्कोन ठेवून गेली. केझिया मोरीपाशी पाठमोरी उभी राहून एकच बशी पुसत होती.

तासभर खडाजंगी चालली. कॉलेजात पोरी बिघडतात, असं लॉइड म्हणाला. पोरी घरात बसून कुजतात, असं ग्वेन म्हणाली. ज्वारी कापणीला आलीय, घरात माणूस हवं, असं तो म्हणाला. मग गडी ठेव, पोटची पोर कशाला राबवतोस, असं तिने विचारलं. शेवटी लॉइडने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"तुझ्या रसेलचा रस्ता तूच आखलास ना? थेट विद्यापीठापर्यंत? ख्रिसमसला तरी चर्चची पायरी चढतो का तो? फोन तरी करतो का आईला?"

ग्वेनच्या मुलाने फोन करून दोन वर्षं झाली होती, आणि हे सगळ्या चर्चला माहीत होतं. तिने पिशवीतून एक जुना कागद काढला आणि लॉइडच्या बशीवरच ठेवला.

"घरशाळेची नोंदणी. नऊ वर्षांपूर्वीची, माझ्याच हातची. तेव्हा तूच ओरडला होतास ना, सरकारच्या कागदावर माझं नाव लागता कामा नये म्हणून? नाही लावलं. नोंदणी नोरीनच्या नावावर आहे आणि कॉलेजला नोंदणीवाल्या पालकाचीच सही लागते. तुझी सही तिथे चालतच नाही, लॉइड."

लॉइडने कागद वाचला. मग पुन्हा वाचला. त्याची मान लालबुंद झाली. ग्वेनला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

नोरीन हात पुसत आली. नवऱ्याकडे न बघता तिने पेन उचललं आणि टेबलावरच्या अर्जावर सही केली, अगदी सावकाश, पूर्ण नावाची. अर्ज केझियाच्या हातात दिला. मग ती ग्वेनकडे वळली.

"सही माझी लागते हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"अर्थात."

"मग तासभर त्याला कशाला विचारत बसलीस? गुरुवारी तो गुरांच्या बाजाराला गेला होता. तेव्हा आली असतीस, तर दोन मिनिटांचं काम होतं. पण तुला सही नको होती, ग्वेन. तुला त्याची नाचक्की हवी होती, तीही पोरीसमोर. तू आता गाडीत बसून जाशील. इथे राहायचं मला आहे."

"नोरीन, अगं, मी तुझ्यासाठीच..."

"खालच्या तिघांचं मी बघीन. तू पुन्हा या घरात येऊ नकोस."

केझिया अर्ज छातीशी धरून उभी होती. तिनेही ग्वेनला थांब म्हटलं नाही.

फाटकापाशी ग्वेनने गाडी थांबवली. मागच्या सीटवर केझियाच्या तिघा धाकट्या भावंडांच्या आखणीचे कोरे तक्ते होते, वर नावं घातलेले. नोरीनचा एक शब्दही खोटा नव्हता. लॉइडची मान लाल झाली तेव्हा किती बरं वाटलं होतं, त्याची चव अजून तिच्या जिभेवर होती. मुलाचा फोन आला की कसं वाटायचं, ते मात्र तिला आता आठवतही नव्हतं. तिने पेन्सिल काढून तिन्ही तक्त्यांच्या तळाशी, पालकाच्या सहीच्या जागेखाली, नोरीनचं नाव लिहिलं, तक्ते फाटकावरच्या झीमनांच्या टपालपेटीत सरकवले आणि बाहेरून फाटक लावलं.