मार्था सिस्टरांनी मागून घेतलेले चाळीस दिवस

आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाच्या पुष्कळ चुका असतील आणि अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय आहेत. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. मी चौथीपर्यंत शिकले, त्यालाही आता जमाना झाला. मुलगी म्हणते, "आई, पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या माणसांबद्दल लिहितात तसं तू लिही." पाठवायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी माझ्या हाताला घाम येतो. पण मार्था सिस्टरांना जाऊन सव्वा महिना झाला, आणि त्यांच्याबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत हे मनाला बरं वाटत नाही.

बातमी आली तेव्हा मी शाळेच्या मागच्या नळावर बालवर्गाचे पेले धूत होते. आताच्या मुख्याध्यापिका लीना सिस्टर वर्ग सोडून बाहेर आल्या आणि माझ्याजवळ उकिडव्या बसल्या. एवढ्या मोठ्या बाई नळापाशी येऊन बसल्या, तेव्हाच मला समजलं. "सुमनमावशी, मार्था सिस्टर गेल्या... पहाटे, नाशिकला. झोपेतच." मी हातातला पेला धुतला. मग उरलेलेही धुतले, एकेक करून. दुसरं काय करावं ते सुचलं नाही...

आमची शाळा नरडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. लोक तिला सिस्टरांची शाळा म्हणतात. चौथीपर्यंतचे वर्ग, एक लहानसं प्रार्थनामंदिर, मागे मुलांचं वसतिगृह. मुलं सगळ्या घरांतली येतात. कारखान्यात कामाला असलेल्या ख्रिस्ती लोकांची, पश्चिमेकडून आलेल्या आदिवासी घरांतली, आमच्यासारखी बौद्ध, बाजारातल्या मुसलमान कारागिरांची, शेतकऱ्यांची. मी तिथे मावशी म्हणून लागले तेव्हा माझी प्रज्ञा पाच वर्षांची होती. ठरलं होतं ते असं, की मी काम करायचं आणि प्रज्ञानं बालवर्गात बसायचं. एरवी त्या शाळेत मुलगी घालणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "इतली मोठी शाळा कसाले? आपली पोर तठे काय करी?" दुसऱ्या दिवशी मी पोरीला कडेवर घेतलं आणि गेले.

मार्था सिस्टर तेव्हा मुख्याध्यापिका होत्या. त्या मूळच्या गोदावरीकाठच्या एका गावच्या, अंगानं किरकोळ, चालणं असं की पांढरा झगा मागून धावत येतोय असं वाटायचं. आमची अहिराणी त्यांनी मुलांकडून उचलली होती आणि बिनदिक्कत चुकीची बोलायच्या. त्यांच्या शाळेत एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ज्याचं जे चुकलं, ते त्यानंच नंतर सगळ्यांना शिकवायचं. सातचा पाढा अडला तर छडी नाही, उठाबशा नाहीत. आठ दिवसांनी त्याच मुलानं फळ्यापाशी उभं राहून सातचा पाढा वर्गाकडून म्हणून घ्यायचा. सिस्टर म्हणायच्या, "ज्याला पहिल्यांदाच आलं त्याला अडचण कुठे आहे ते काय कळणार? अडलेल्याला खड्डा माहीत असतो." ही रीत त्यांना स्वतःलाही लागू होती. एकदा बोलता बोलता तापी पूर्वेकडे वाहते म्हणून गेल्या, त्यांच्या गोदावरीसारखी. तिसरीतला एक मुलगा उठला, "सिस्टर, तापी तं सुरतले जास!" वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला सिस्टरांनी सगळ्या शाळेसमोर अंगणात खडूनं तापी काढली, मुलताईपासून समुद्रापर्यंत, आणि त्या मुलाला शेवटी सुरतेवर उभं केलं.

मला लागून दोन महिने झाले असतील. माझं मुख्य काम म्हणजे बालवर्गातली मुलं परिपाठाला जायच्या आधी त्यांची नाकंतोंडं स्वच्छ करणं. त्या बुधवारी हवेत गारठा होता, म्हणून मी बादलीत थोडं ऊन पाणी घातलं होतं. एकामागून एक मुलं आली, वसतिगृहातली आली, कारखान्याकडची आली, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या कपाळावर काळा डाग! मला वाटलं, स्वयंपाकघराच्या चुलीशी खेळून आलीत. मी म्हटलं, "मेल्यांनो, चुलीत तोंड घातलं होतं का रे?" जोसेफ नावाचा एक पाच वर्षांचा पोरगा दोन्ही हात कपाळावर धरून मागे सरकायला लागला. "मावशी, नको, देवाचं आहे!" मी त्याचे हात बाजूला केले. "असं तोंड बघून देव काय म्हणेल? ये इकडे." पुसलं. सगळ्यांचं पुसलं, चांगलं घासून. डागवाली सत्तावीस मुलं होती. मनात म्हटलं, आज सिस्टर खूश होतील.

परिपाठाला मी टॉवेल खांद्यावर टाकून कडेला उभी राहिले. सिस्टर आल्या, तर त्यांच्याही कपाळावर तसाच डाग. मला वाटलं, मुलांना जवळ घेताना लागला असेल. म्हणून मी टॉवेल घेऊन पुढे झाले. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग रांगेतल्या ओल्या, चकचकीत कपाळांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. हळूच म्हणाल्या, "माझं राहू दे, सुमन."

तो राखेचा बुधवार होता. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ त्या दिवसापासून सुरू होतो. त्या सकाळी फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेनं क्रूस काढतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दुपारी मुलं घरी गेली आणि संध्याकाळी पालक शाळेत आले. सर्वांत पुढे थॉमसभाऊ, जोसेफचे वडील, कारखान्यात फोरमन. ते म्हणाले, "चौथी शिकलेली बाई ठेवल्यावर दुसरं काय होणार, सिस्टर? उद्या क्रूस घासायला घेईल." हे मी सोसलं असतं. पण मागून एक बाई म्हणाली, "हिनं मुद्दाम केलंय. हिचा धर्म वेगळा." माझी नोकरी गेली तर प्रज्ञाचा बालवर्ग गेला, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सिस्टरांनी त्या बाईला विचारलं, "मुद्दाम करणारी बाई मुलांसाठी पाणी ऊन करून आणते का हो?" मग सगळ्यांना म्हणाल्या, "या शाळेची रीत तुम्हाला माहीत आहे. जिचं चुकलं ती शिकवणार. मला उपवासकाळाचे चाळीस दिवस द्या. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी पालकसभा आहे. त्या सभेत राख म्हणजे काय ते सुमन स्वतः तुम्हाला सांगेल. तुमचं समाधान झालं नाही तर मी तिला घरी पाठवीन, मुलीसकट."

मला इतका राग आला होता! मला न विचारता माझ्या पोरीची जागा पणाला लावली. सगळे गेल्यावर मी म्हटलं, "सिस्टर, मला बोलता येत नाही हो लोकांसमोर." त्या म्हणाल्या, "येत असतं तर चाळीस दिवस कशाला मागितले असते?"

त्यांनी मला एक अक्षर सांगितलं नाही. रोज शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसायच्या, मी समोर. "राख कुठून येते?" मला माहीत नाही. "मग विचार कुणाला तरी." मी घाबरत फादरांकडे गेले. त्यांनी सांगितलं, गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, लोकांनी ज्या शिंदीच्या झावळ्या हातात धरल्या आणि घरी नेऊन ठेवल्या, त्या वाळल्या की परत आणून जाळतात, त्याची ही राख. "कपाळावर का लावतात?" विचार कुणाला तरी. मी जोसेफला विचारलं. तो माझ्यावर अजून रुसलेला होता. तरी म्हणाला, "आपण माती आहोत मावशी. मग परत माती. तुला एवढं माहीत नाही?" सिस्टरांनी मला लहान मुलांचं पुस्तक दिलं, रोज एक पान मोठ्यानं वाचायचं. पहिले आठ दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग आधी भांड्यांसमोर बोलले, मग प्रज्ञासमोर, मग बालवर्गातल्या पाच पोरांसमोर. घरी कढई घासताना मी पुटपुटत होते तर सासूबाई म्हणाल्या, "राख तं आपलाकडे बी शे, भांडासले. त्यामा काय सांगानं?" मी घासता घासता थांबले. सासूबाईंना कळलंही नाही त्या मला काय देऊन गेल्या ते.

सभेच्या दिवशी अंगण भरलं होतं. सिस्टर खुर्चीवर बसल्या नाहीत, सगळ्यात मागे बालवर्गाच्या सतरंजीवर जाऊन बसल्या. मी उभी राहिले. पहिलं वाक्य आलं, माझी चूक झाली, मला वाटलं पोरं चुलीत खेळली. लोक थोडे हसले. ही राख चुलीतली नाही, म्हटलं... आणि पुढचं सगळं गेलं. डोकं कोरं. समोरच्या रांगेतून जोसेफ ओरडला, "मावशी, झावळ्या!"

मग आलं. मी म्हटलं, या झावळ्या तुम्ही गाणी म्हणत हातात धरल्या होत्या, त्याच जळून कपाळावर आल्या. मी रोज राखेनं भांडी घासते. राख लावल्यावर भांडं आधी काळं दिसतं, मग पाणी टाकलं की लखलखतं. आमच्या विहारात भंतेजी सांगतात, काहीच कायम राहत नाही. इथे फादर सांगतात, माणूस मातीचा आहे. मला दोन्ही ऐकून एवढंच कळलं, की थोडे दिवस आहेत तर एकमेकांशी नीट वागावं. आणि न विचारता कुणाचं काही पुसू नये. एवढं बोलून मी खाली बसले, खुर्ची नव्हती तिथेच, जमिनीवर.

थॉमसभाऊ उठले. मला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, "मावशी, चाळीस वर्षं राख लावतोय. ती झावळ्यांची असते हे माहीत होतं, पण भांड्याचं कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी पुसायच्या आधी आम्हाला विचारा, म्हणजे झालं." लोक हसले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. मागून बोललेली ती बाई नंतरही कधी माझ्याशी बोलली नाही. पण प्रज्ञाची जागा राहिली. सिस्टरांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. फाटकाशी म्हणाल्या, "झावळ्या विसरलीस. पुढच्या वर्षी विसरायचं नाही." म्हणजे पुढच्या वर्षीही मलाच सांगायचं होतं! तेव्हापासून दर वर्षी त्या बुधवारी बालवर्गाला राखेची गोष्ट मीच सांगते. माझा धम्म माझ्याजवळ आहे, सिस्टरांनी कधी त्याला हात लावला नाही. उलट बुद्धपौर्णिमा उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, तर सुट्टी लागायच्या आधी मुलांना त्याचं सांग, हेही त्यांनीच माझ्या गळ्यात घातलं.

पुढे त्यांची बदली झाली, मग वय झालं, आणि नाशिकच्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात त्या राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यात मी आणि प्रज्ञा भेटून आलो. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी नेली होती. एक घास खाऊन माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मिरची कमी टाकलीस. मला म्हातारी समजलीस का?" प्रज्ञा जळगावला प्रयोगशाळेत नोकरी करते हे त्यांनी तीन वेळा विचारून घेतलं आणि शेजारच्या सिस्टरांना तीन वेळा सांगितलं. "आमच्या शाळेची आहे," म्हणाल्या.

शाळेत शोकसभा ठेवायची होती, तेव्हा मार्था सिस्टरांच्या हातचं काही मुलांना दाखवावं म्हणून लीना सिस्टरांनी कपाटातली जुनी रजिस्टरं काढली. प्रज्ञाही त्या दिवशी आली होती. तिचा पहिलीचा प्रवेश त्या सभेनंतरच्या जूनमधला. तिनंच ते पान काढलं, बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई, हे तू कधी पाहिलंस का?" मी नव्हतं पाहिलं. मुलांची नावं, जन्मतारखा, वडिलांचं काम, आणि शेवटचा रकाना आईच्या शिक्षणाचा. कुणाच्या आईपुढे सातवी लिहिलेलं, कुणाच्या दहावी, कितीतरी जणींपुढे नुसतीच रेघ. माझ्या नावापुढे मार्था सिस्टरांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

चौथी. पुढे चालू.