डावी खुर्ची

मी आजवर चार वेळा विमानात बसले आहे आणि चारही वेळा खिडकी मिळाली नाही म्हणून कुरकुरले आहे. तरीही गेल्या वर्षी दिवाळीनंतर जवळजवळ दोन महिने मी रोज सकाळी विमानाची कॅप्टन होते. भोपाळच्या साकेत नगरातल्या आमच्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडायच्या. भिंतीवर कॉकपिटचा मोठा छापील फोटो, चिकटपट्टीने लावलेला. डाव्या खुर्चीत मी, कारण कॅप्टन डावीकडे बसतो. उजव्या खुर्चीत माझा मुलगा, जो खराखुरा पायलट आहे. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. यादी खणखणीत वाचणं आणि उत्तर येईपर्यंत डोळे वटारून बघणं मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

घरात विमान उडवायची वेळ का आली ते सांगते. मुलाची कंपनी दुसऱ्या एका कंपनीशी एक होणार होती. घोषणा झाली, केक कापले गेले. दोघांकडची विमानं वेगवेगळ्या जातीची. तेव्हा याच्या कंपनीने काही पायलटांना सांगितलं, तुम्ही पुढे जा, समोरच्यांचं विमान शिकून घ्या. मुलाचं कॅप्टन होणं अगदी हाताशी आलं होतं, तरी तो गेला. शिकला, वर्षभर तेच विमान उडवलं. आणि मग सगळं फिसकटलं. कंपन्या एक होणार नाहीत एवढं सांगणारी चार ओळींची ईमेल आली, शेवटी सहकार्याबद्दल आभार.

गेलेल्यांनी परत यायचं. पण वर्षभर स्वतःच्या विमानाला हात लावलेला नाही, म्हणून पुन्हा परीक्षा द्या, आणि तिची तारीख मिळेपर्यंत घरी बसा. दरम्यान 'आम्ही नाही जाणार' म्हणून अडून बसलेले, याच्याहून पाचसहा वर्षांनी मागे असलेले पायलट कॅप्टन होऊन बसले होते. ज्याने ऐकलं तो मागे राहिला. हे ऐकून माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली, त्याचं काय झालं असेल!

तो भोपाळला आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर राजीनामा तयार होता. "फक्त पाठवायचा बाकी आहे," तो म्हणाला. "नवीन असताना ज्यांना मी वर्गात शिकवलं, त्यांच्या हाताखाली बसू आता? नाही जमणार आई. परीक्षा देतो, पास होतो, आणि मग फेकतो त्यांच्या तोंडावर."

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. मीही नसते बसले. मनात मात्र धाकधूक होती. सातवीत असल्यापासून या मुलाला दुसरं काही व्हायचं नव्हतं. विमान सोडलं तर याचं काय उरेल, हे मला कुठलंच गणित करून सांगता येत नव्हतं.

खुर्च्या मांडून सराव करायची रीत सगळ्याच पायलटांची असते म्हणे. मला आधी हसूच आलं. चाळिशीचा बाप्या भिंतीसमोर बसून हवेत बटणं दाबतोय! कामवाली बाई दोन दिवस फडकं हातात धरून बघत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिने मला हळूच विचारलं, "भैया की तबीयत तो ठीक है ना?"

पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून माझं हसू कमी होत गेलं. त्यात एक धडा होता, इंजिनाला आग लागण्याचा. मी म्हणायचं, "आग." मग त्याने एकेक काम करायचं, पण प्रत्येक वेळी हात नुसता तिथे नेऊन थांबायचं आणि ते काय आहे हे बोलायचं. मी मान वळवून नीट बघायचं. बरोबर असेल तर 'बरोबर' म्हणायचं. मी म्हणेपर्यंत त्याने हलायचं नाही. इंजिन चुकून भलतंच बंद होऊ नये म्हणून ही रीत. आग लागलेली असताना, मागे दीडशे माणसं बसलेली असताना, हा माणूस हात थांबवून दुसऱ्याच्या एका शब्दाची वाट बघणार. मी बघतच राहिले. आमच्या घरात उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करतानासुद्धा इतका धीर कुणाला नाही.

घोळ एवढाच होता की त्याच्या मूळच्या विमानात आगीच्या वेळी ओढायची मूठ खाली असते, दोन खुर्च्यांच्या मधे. वर्षभर उडवलेल्या विमानात त्याच कामाचं बटण डोक्यावर. त्याचा हात वर जायचा. दुसऱ्या आठवड्यात खाली जायला लागला, मग परत मधेच एखाद्या दिवशी वर. मी मास्तरीण, मला चूक दिसली की ती केव्हा होते हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मला लवकरच कळलं. त्यांच्या पायलटांच्या ग्रुपवर दिवसभर मॅनेजमेंटचा उद्धार चालायचा. सकाळी तो वाचून बसला की हात वर.

मी म्हटलं, "उद्यापासून सराव होईपर्यंत फोन माझ्याकडे."

तो भडकला. "तुला काय कळतं गं आई यातलं? खामखा काहीतरी!"

"विमानातलं मला ओ की ठो कळत नाही," मी म्हटलं. "पण तू चिडलास की हात वर जातो, एवढं दिसतं."

 तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी फोन आपणहून फ्रिजवर ठेवून आला.

परीक्षा दिल्लीला होती. जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये, पण हादरे आणि आवाज खऱ्यासारखे. दोन दिवसांनी परत आला तो पास होऊन. मी पेढे आणायला निघाले तर म्हणाला, "थांब. दोनदा हात बरोबर खाली गेला. तिसऱ्यांदा वर गेला. माझा मीच थांबवला. त्यांनी पास केलं, पण माझं मला माहीत आहे ना."

आठवड्याभरात ड्यूटीचा तक्ता आला. पहिल्याच दिवशी याचा कॅप्टन कोण, तर याच्या हाताखाली शिकलेला, जायला नकार देऊन पुढे गेलेला एक मुलगा. मी नाव वाचलं. आता तो लॅपटॉप उघडणार आणि ते पत्र पाठवणार, याची मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर माझी त्याला ना नव्हती.

दुपारी फोन वाजला. त्याच कॅप्टनचा. मी समोरच मेथी निवडत होते, आवाज ऐकू येत होता. बिचारा अवघडून बोलत होता, "सर, आप कहें तो मैं अपनी ड्यूटी बदलवा लेता हूँ."

माझा मुलगा म्हणाला, "नहीं. और सर मत बोलो, कॅप्टन तुम हो. एक बात सुन लो. एक साल दूसरा जहाज उड़ाया है, आग वाली ड्रिल में मेरा हाथ कभी-कभी ऊपर चला जाता है. गुस्से में हूँ तो ज़्यादा. तुम मेरे हाथ पर नज़र रखना. ग़लत जाए तो रोक देना, लिहाज़ मत करना."

पलीकडून "ठीक है" असं अगदी हळू आलं.

माझ्या शाळेत माझ्याहून नऊ वर्षांनी लहान बाई मुख्याध्यापिका झाल्या होत्या. मी निवृत्त होईपर्यंत त्यांच्या खोलीत स्वतःहून एकदाही पाऊल ठेवलं नाही. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या एका पेपरात मी चुकीचं गणित घातलं होतं. ते मला परीक्षेच्या आदल्या दिवशी लक्षात आलं, तरीही त्यांना सांगायला गेले नाही. मुलं पेपरात ते गणित सोडवत बसली. हे मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या दुपारी मेथीची जुडी बाजूला ठेवून मी ते मुलाला सांगितलं.